नळाचं पहिलं पाणी

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेतून भाची बाहेर पडली ती पांढरा कोट अंगात तसाच ठेवून. काखेत काचेच्या कुप्यांचा खोका, मुठीत गोळ्यांची डबी, आणि जिना उतरताना तोंडाने "सरका, सरका" चालूच. शिपायाने विचारलं, कुठे आग लागली आहे का. आग लागली नव्हती. पाणी जाणार होतं, आणि ते राखायला तिच्याकडे फक्त संध्याकाळपर्यंतचा वेळ होता.

भाची म्हणजे पाळणाघरवाल्या मावशीची भाची. कचेरीत तिला मॅडम म्हणत, पण गल्लीत तिची ओळख एवढीच, आणि तिला त्यात काही कमीपणा वाटत नसे. मावशीचं पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागचं अंगण. आई कामावर जायची तेव्हा भाची याच खोल्यांत रांगली, धडपडली, अंगणातल्या फरश्या मोजत आकडे शिकली. पाळणाघरातलं पहिलं पोर तीच. दिसेल ते मोजत सुटायची म्हणून मावशीने तिचं नाव मोजपट्टी ठेवलं होतं, आणि ती नोकरीला लागली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं.

गेले काही आठवडे त्या गल्लीत पोटं बिघडत होती. कोरडा ऋतू चालू झाल्यापासून पाणी सकाळ-संध्याकाळ थोडा वेळच सुटायचं, आणि तेव्हापासूनच हे दुखणं मागे लागलं होतं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका परिचारिकेच्या मुलाला तर सलाइन लावायची वेळ आली. आज दुपारी भाचीने उबवणपेटीतून कालच्या बाटल्या बाहेर काढल्या, तर आतल्या द्रावणाचा जांभळा रंग पार पिवळा झालेला आणि वर बुडबुडे धरलेले. याचा अर्थ लावायला पुस्तक उघडावं लागत नाही. पाण्यात घाण मिसळत होती, तीही माणसांची.

साहेबांनी बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि निकाल देऊन टाकला. गल्लीची लाइन जुनी, गटाराला लागून गेलेली, नक्की सडली असणार. आज संध्याकाळचं पाणी झालं की गल्लीची चावी बंद. नवी लाइन पडेपर्यंत गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा राहील. नवी लाइन कधी पडेल, तर हा ऋतू सरल्यावर. साहेब वाईट माणूस नव्हते. मुलं आजारी पडत असताना तेच पाणी सोडत राहायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, आणि ते भाचीलाही मान्य होतं. पण पाळणाघराच्या परवान्याची पहिलीच अट होती ती घरात नळाचं वाहतं पाणी असण्याची. आज चावी बंद झाली की उद्या मावशीच्या दाराला कुलूप लागणार. आणि या वयात एकदा लागलेलं कुलूप मावशी पुन्हा उघडेल, हे भाचीला खरं वाटत नव्हतं.

तिने साहेबांसमोर आपले आकडे मांडले. पाणी सुटल्या सुटल्या घेतलेला प्रत्येक नमुना वाईट होता, आणि थोडं पाणी वाहून गेल्यावर घेतलेला चांगला. म्हणजे घाण शिरते ती लाइन रिकामी असताना, आणि बहुधा एकाच जागी. ती जागा सापडली तर तेवढीच दुरुस्त करायची, सगळी गल्ली कशाला तहानेली ठेवायची?

"आणि ती जागा शोधणार कशी? गल्ली खणणार?"

"खणायचं नाही साहेब. घराघराला विचारायचं."

"लोक काय सांगणार?"

"लोक नाही, नळ सांगतील."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग बाटल्यांकडे. संध्याकाळी पाणी सुटेल तेव्हा मी स्वतः तिथे येतो, म्हणाले. तोवर सापडलं तर सापडलं. भाचीने त्यांचं उरलेलं वाक्य ऐकलंच नाही, ती खोका उचलून दाराबाहेर होती.

मावशीकडे पोहोचली तेव्हा पोरं नुकतीच झोपेतून उठत होती. दहा-बारा चेहरे, कुणाचे केस उभे, कुणाच्या गालावर उशीची घडी. मावशी प्रत्येकाला अर्धा पेला पाणी देत होती. तिचा नियमच होता: अर्धा प्या, हवं तर पुन्हा मागा, पण पेल्यात टाकायचं नाही. पाणी ती स्वतः खळखळून उकळून गाळायची, त्यामुळे तिच्याकडच्या पाण्याने अजून एकही पोर आजारी पडलं नव्हतं, आणि हे ती भेटेल त्याला ऐकवायची. पाण्याच्या बाबतीत तिचा हात आखडता म्हणावा तर हात धुण्यात मात्र तिने कधी काटकसर केली नाही. पोरांनी साबण लावून दोनदा हात धुवायचे, पण टबात धुवायचे, आणि टबातलं पाणी फरशीला. तिच्या घरात पाण्याचा एक थेंब दोन कामं केल्याशिवाय बाहेर पडत नसे.

भाचीने एका दमात सगळं सांगितलं. मावशी पेला हातात धरून उभी राहिली. मग तो तिने जपून ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "हे सगळं त्या शिंप्याच्या मोटारीचं काम आहे. मी पहिल्यापासून सांगतेय."

शेजारच्या घरात तिसऱ्या मजल्यावर शिंपी राहत होता. त्याच्याकडे पाणी वर चढत नसे, म्हणून त्याने नळाला थेट मोटार जोडलेली. ती सुरू झाली की पलीकडच्या सगळ्यांच्या धारा करंगळीएवढ्या व्हायच्या. मावशी आणि तो या मोटारीवरून बोलेनासे झाले होते. बोलेनासे म्हणजे एकमेकांशी. एकमेकांबद्दल दोघं भरपूर बोलत.

भाचीलाही मनातून वाटत होतं की मोटारच असावी. लाइनमधून ओढून घेणारं यंत्र, त्यामागून आत खेचली जाणारी घाण, सगळं नीट जुळत होतं. पण जुळणं वेगळं आणि ठरणं वेगळं. तिने बेत समजावून सांगितला. पाणी टाकीवरून निघतं तेव्हा त्यात थोडं क्लोरीन असतं. वाटेत घाण भेटली की ते तिच्याशी झुंजतं आणि झुंजता झुंजता संपून जातं. तिच्या डबीतल्या गोळीला पाण्यात क्लोरीन सापडलं की पाणी गुलाबी होतं, नाही सापडलं तर होत नाही. प्रत्येक घरात एक कुपी आणि एक गोळी द्यायची. नळ सोडायचा आणि येईल ते पहिलं पाणी कुपीत रेघेपर्यंत भरायचं, गोळी टाकून हलवायचं. ते प्यायचं मात्र कुणीही नाही. मग गल्लीच्या तोंडापासून टोकापर्यंत बघत जायचं, गुलाबी कुठवर येतं ते. जिथे थांबेल तिथे चोर.

"एवढंच ना?" मावशी म्हणाली. पोरं तिने मदतनीस बाईवर सोपवली, पायात चपला सरकवल्या आणि ती गल्लीत उतरली. भाची कुप्या वाटत मागे, मावशी दारं ठोठावत पुढे. तिच्या हाकेला कोणी 'नंतर या' म्हणण्याची सोय नव्हती. अर्ध्या गल्लीची पोरं तिच्या हाताखालून गेलेली. परिचारिका नुकतीच दवाखान्यातली पाळी संपवून आली होती, डोळे ओढलेले. आतल्या खोलीत मुलगा झोपला होता; आजारी पडल्यापासून तो मावशीकडे आला नव्हता. तिने कुपी घेतली, गोळी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, याने कळेल? भाचीने सांगितलं, कुठे ते कळेल. परिचारिकेने मान हलवली आणि कुपी मुठीत घट्ट धरली.

आता एक अडचण होती. फिकट गुलाबी रंग ओळखायला मागे पांढरं काहीतरी लागतं, आणि गल्लीतल्या भिंती होत्या पिवळ्या, निळ्या, काही नुसत्याच कळकट. पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या मिळाल्या असत्या तर काम झालं असतं. पांढरं कापड होतं शिंप्याकडे. शिंपी खालीच, दुकानाच्या पायरीवर, गळ्यात टेप टाकून उभा. मावशी त्याच्या समोर उभी राहिली आणि भाचीकडे बघत म्हणाली, "त्यांना विचार, अस्तराचे तुकडे असतील का म्हणून."

शिंप्याने पण भाचीकडेच पाहिलं. "त्यांना सांग, आहेत. आणि हेही सांग, की चोर माझ्या घरी सापडला तर मोटार मी स्वतः काढून नदीत टाकतो."

"त्यांना सांग, नदीत कशाला, भंगारात द्या. नदीने काय वाईट केलंय."

भाची मध्ये उभी राहून दोघांना ऐकत होती. तिला काही सांगावं लागलं नाही. शिंप्याने कात्रीने भराभरा पट्ट्या कापल्या, आणि बघता बघता दारोदारी पांढरी पट्टी लटकायला लागली. शाळेतून आलेली मुलं, कामावरून परतणारी माणसं, जो तो विचारत होता आणि ज्याला कळलं तो पुढच्याला जास्त रंगवून सांगत होता. गल्लीत इतकी वर्षं पाणी येत होतं, पण पाण्याची अशी वाट कुणी कधी पाहिली नव्हती.

साहेब आले. त्यांच्यामागून चावीवाला, खांद्यावर त्याची माणसाएवढी लांब लोखंडी चावी. गल्लीच्या तोंडाशी झाकण काढून त्याने चावी आत बसवली आणि भाचीकडे पाहिलं. तिने हात वर केला. घराघरांत माणसं नळापाशी वाकली होती. तिने हात खाली आणला.

आधी नुसती हवा आली. सगळ्या गल्लीतले नळ एका सुरात फुसफुसले, खाकरले, आणि मग धार लागली. पहिल्या घरातून एक आजोबा कुपी उंच धरून बाहेर आले. पट्टीसमोर धरली. गुलाबी. दुसरं घर गुलाबी, तिसरं गुलाबी. हाक एका दारातून दुसऱ्या दारात जायला लागली, आणि भाची हाकेबरोबर पळायला लागली. पांढऱ्या कापडासमोर एकेक कुपी उजळत होती. गल्लीतली मुलं तिच्यामागे, मावशी मुलांच्या मागे, साहेब सगळ्यांच्या मागे, पँट किंचित वर धरून, कारण रस्त्यावर पाणी सांडलं होतं. शिंप्याच्या घरासमोर सगळे थबकले. तिसऱ्या मजल्यावरून शिंपी धापा टाकत उतरत होता. त्याने कुपी पट्टीसमोर धरली, आणि सगळी गल्ली पुढे वाकली.

गुलाबी. आतापर्यंतच्या सगळ्यांत गडद.

शिंप्याने कुपी मावशीच्या नाकासमोरून सावकाश फिरवली. मावशीने नाक उडवलं आणि पुढे चालू लागली. पुढचं दार तिचंच होतं.

मदतनीस बाई कुपी घेऊन दारात उभी होती. कुपीतलं पाणी नुसतंच गढूळ होतं, गुलाबी रंग म्हणून नाही. भाचीने ती हातात घेतली, हलवली, उजेडाकडे धरली, पुन्हा पट्टीसमोर आणली. काही नाही. त्याच्या पलीकडच्या घरातही काही नाही. त्याच्या पलीकडेही नाही. गल्लीच्या उतारावरून एकेक दार सांगत आलं, नाही, नाही, नाही. अगदी टोकाला परिचारिका गुलाबीचा मागमूस नसलेली कुपी धरून उभी होती. तिने ती भाचीकडे नुसती पुढे केली.

जागा सापडली होती. भाचीने आनंदाने कुपी मुठीत आवळली, आणि मग मावशीच्या दाराकडे पाहिलं. शिंप्याचं घर आणि मावशीचं घर यांच्यात एक भिंत. बस्स.

"बघितलंस?" मावशी म्हणाली. "त्याच्याकडे येईपर्यंत चांगलं, त्याच्यापुढे वाईट. म्हणजे त्याच्याच मोटारीने मधे काहीतरी फोडलं असणार."

"मावशी, मागचं अंगण बघू दे."

अंगणात पोरांचे कपडे वाळत होते. कोपऱ्यात नळ, नळाखाली नेहमीची मोरी, आणि मोरीच्या बाजूला एक निळा ड्रम. नळाला रबरी नळी खोचलेली होती आणि नळीचं दुसरं टोक ड्रमात, थेट तळापर्यंत. आता पाणी चालू होतं आणि ड्रम आतून हलकेच ढवळत होता. ड्रमात राखाडी पाणी होतं, कडेला साबणाचा फेस.

भाचीने विचारलं, हे काय आहे. मावशीने अगदी कौतुकाने सांगितलं. पोरांनी हात धुतलेलं, अंग पुसलेलं, बाळांचे लंगोट विसळलेलं पाणी ती या ड्रमात टाकायची. त्याने फरशा धुवायच्या, संडासात टाकायचं. आणि नळाला पहिलं येतं ते पाणी तर गढूळच येतं, ते पिण्यात घेत नाही, मग फेकायचं कशाला? म्हणून अंगणातला नळ उघडा ठेवायचा, नळी ड्रमात सोडायची. पाणी कधीही सुटो, पहिलं गढूळ पाणी आपोआप ड्रमात. नळी तळापर्यंत घातली की उडत नाही, सांडत नाही. पाणी गेलं तरी नळ बंद करायचा नाही, म्हणजे पुढच्या वेळी एक थेंब चुकत नाही.

"हे कधीपासून करतेस?"

"पाणी दोनदाच यायला लागलं तेव्हापासून. का गं?"

भाचीने दाराकडे पाहिलं. बाहेर गल्लीत साहेब लोकांशी बोलत होते. आपापली पोरं न्यायला आयाबाप यायला लागले होते. ती आत्ता दोन बोटांनी ती नळी वर काढू शकत होती. साहेबांना सांगू शकत होती, सापडलं, अंगणात एक सांधा गळका होता, बसवला. उद्याचं पाणी गुलाबी आलं असतं आणि मावशीचं नाव कुणाच्या तोंडी आलं नसतं. तिचा हात नळीपर्यंत गेलाही. पण गल्लीत अशा नळ्या आणखी किती घरांत बुडालेल्या असतील, ते तिला ठाऊक नव्हतं. तिने हात मागे घेतला आणि हळू आवाजात मावशीला सांगितलं. चावी बंद झाली की लाइन रिकामी होते. पाणी उताराने खालच्या घरांकडे निघून जातं, आणि मागे पोकळी राहते. ती पोकळी जे मिळेल ते ओढून घेते. तुझा नळ उघडा, आणि नळीचं तोंड ड्रमातल्या पाण्यात.

मावशी आधी हसली. "ड्रमातलं पाणी नळात जाईल? वर चढून? मोजपट्टे, तुझं डोकं तापलंय. दुपारभर उन्हात फिरलीस."

"जातं मावशी."

"तर दाखव." आता तिचा आवाज चढला. "आणि माझ्या एकटीला नको. बोलाव सगळ्यांना. उगाच मागाहून कुणी कुजबुजायला नको."

आणि भाची तोंड उघडायच्या आत तिने स्वतःच दारात जाऊन साऱ्या गल्लीला अंगणात बोलावलं.

अंगण गच्च भरलं. मागे राहिलेले दोरीवरच्या कपड्यांखालून डोकावत होते, पोरं स्टुलांवर चढली. साहेब ड्रमाजवळ. खालच्या घरांत भाचीने नळ चालूच ठेवायला सांगितले, आणि चावीवाल्याला निरोप गेला. गल्लीच्या तोंडाशी त्याने चावी फिरवली.

काहीच झालं नाही. ड्रमातलं ढवळणं थांबलं, पाणी निवांत झालं, फेस एका जागी गोळा झाला. मावशीने हाताची घडी घातली. एक पोरगी मोठ्याने म्हणाली की काहीच होत नाहीये, आणि काही लोक हसले. भाचीच्या डोक्यातून लाइनचा उतार, नळाची उंची, खालचे उघडे नळ भराभरा फिरून गेले. चुकलं तर? चूक निघावी असंही तिला वाटत होतं, आणि तेवढ्याच जोराने वाटत होतं की निघू नये.

मग नळी थरारली.

नुसती थरारली नाही, तिने घोट घेतला. घुटुक. ड्रमाच्या आतल्या कडेला फेसाची एक ओली रेघ उरली आणि पाणी तिच्या खाली सरकलं. पुन्हा एक घोट, पुन्हा. आता तर नळी तहानलेल्या जनावरासारखी ओढत होती आणि पाण्याची पातळी डोळ्यांदेखत उतरत होती. पोरांनी टाळ्या पिटल्या, पितंय, पितंय म्हणून ओरडली. साहेबांनी वाकून नळाला कान लावला, आणि तसेच वाकलेले राहिले. ते राखाडी पाणी कुठे चाललं होतं, ते मोठ्यांना कळलं होतं.

मावशी पुढे झाली आणि तिने आधी नळ बंद केला. मग नळी बाहेर ओढली. नळीच्या तोंडातून थेंब टपकत होते, ते तिने सवयीने ड्रमावर धरले आणि मग आपण काय करतोय ते लक्षात येऊन ती थांबली.

परिचारिका गर्दीतून पुढे आली. "माझ्या मुलाच्या पोटात हे गेलं?"

"हो," मावशी म्हणाली. "हेच गेलं. इथूनच." ती सगळ्यांकडे वळली. तिचा आवाज लहान झाला होता, पण तो शेवटच्या माणसापर्यंत पोहोचत होता. "मी पाणी वाचवत होते. आणि वाचवलेलं तुम्हाला पाजत होते. मला ठाऊक नव्हतं. पण झालं ते माझ्या घरून झालं. उद्या ज्यांना पोर पाठवायचं नसेल त्यांनी पाठवू नये, मी कुणाला विचारणार नाही."

आयाबाप एकमेकांकडे पाहू लागले. एक बाप आपल्या मुलीला स्टुलावरून उतरवून तिच्या चपला शोधायला लागला. भाचीला ते बघवेना. ती मावशी आणि त्या बापाच्या मधे सरकली आणि बोलू लागली, आणि बोलताना तिच्या लक्षात आलं की आपण एरवी कधी एवढ्या लोकांसमोर बोललेलो नाही. पाणी वाचवायचंच आहे, ती म्हणाली, या ऋतूत तर वाचवायलाच हवं. फक्त नळीचं तोंड पाण्याच्या वर हवं, निदान वीतभर. मधे हवा असली की नळाला ओढायला काही सापडत नाही. एवढंच. वीतभर हवा. मग तिने विचारलं, तुमच्या घरी बादलीत, टाकीत, पिंपात नळी कशी सोडलेली आहे?

आजोबांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने सुनेकडे. मागून कोणीतरी हळूच निसटलं. मग आणखी एक. आणि मग अंगणाच्या दारात अशी काही चेंगराचेंगरी झाली की साहेबांना भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. वरच्या आणि खालच्या घरांतून भांड्यांचे, झाकणांचे आवाज आले. थोड्याच वेळात लोक ओल्या रबरी नळ्या हातात घेऊन परतायला लागले, हिरव्या, पिवळ्या, एक तर चक्क चिंधीने बांधलेली. वरच्या घरांत पाणी गेलं की नळ बंद करत, तेवढ्यावर ती वाचली होती. आपण एकटेच नाही हे बघून लोकांच्या चेहऱ्यावर शरम होती आणि सुटकाही. मुलीच्या चपला शोधणारा बापही एक नळी घेऊन आला होता.

शिंपी तेवढा जागचा हलला नव्हता. तो मावशीच्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि या खेपेला थेट तिच्याशी बोलला. "मावशी, माझ्या मोटारीला दिलेल्या शिव्या परत घेताय, का राहू द्यायच्या?"

मावशीने डोळे पुसले. "निम्म्या घेते. मोटार लावतोस ते आहेच. खालच्यांचं पाणी ओढतोस."

भाचीने सांगून टाकलं की मोटारीने पोकळी आणखी वाढते, म्हणजे निम्म्या शिव्या बरोबरच होत्या. शिंप्याने टेप गळ्यातून काढला, मनगटाला गुंडाळला आणि म्हणाला, ठीक आहे, खाली टाकी बसवतो आणि तिच्यातून वर चढवतो.

साहेब चावीवाल्याकडे निघाले होते. लाइन धुवून काढू, ते म्हणाले, मग पुन्हा कुप्या भरा. चावी उघडली. पहिलं पाणी कुणी गटारात सोडलं नाही. ते बादल्यांत धरलं गेलं आणि प्रत्येक बादलीवर 'पिऊ नका' म्हणून कुणी ना कुणी उभं राहिलं. मग भाचीने उरलेल्या गोळ्या वाटल्या.

या वेळी हाक वरून आली तेव्हा तिला पळावंसं वाटलं, पण ती हलली नाही. ती मावशीच्या दारातच उभी राहिली. गुलाबी शिंप्यापर्यंत आलं. मावशीने आपली कुपी स्वतः भरली, गोळी टाकली, आणि डोळे मिटून हलवत राहिली. भाचीनेच तिचा हात धरून थांबवला आणि म्हणाली, उघड. गुलाबी. त्याच्या खाली गुलाबी. उताराने हाक पळत गेली, एका दारातून दुसऱ्या दारात, आणि शेवटी टोकाहून उलटी वर आली, दहा तोंडांनी एकदम. साहेबांनी चावीवाल्याला सांगितलं की गल्लीची चावी कायमची बंद करायची नाही. दोन दिवस नमुने घ्या, तोवर सगळ्यांनी पाणी उकळा. एवढं बोलून ते भाचीच्या पांढऱ्या कोटाकडे बघत म्हणाले, मॅडम, उद्या दुसऱ्या गल्लीत जायचं आहे. तिथल्याही ड्रमांत बघावं लागेल. तिला हसू आवरेना.

परिचारिका टोकाहून चढ चढत आली. हातात गुलाबी कुपी. ती तिने मावशीच्या दारातल्या पट्टीसमोर, मावशीच्या कुपीशेजारी धरली आणि दोन्हींचा रंग नीट ताडून पाहिला, दवाखान्यात पाहत असेल तसा.

"मुलाला परत कधी पाठवायचं ते मी अजून ठरवलेलं नाही," परिचारिका म्हणाली. "तो बरा होऊ दे. मग बघीन. आत्ता तो ड्रम रिकामा करू. एकटीला उचलायचा नाही."

दोघी अंगणात गेल्या. परिचारिकेने ड्रमाची कड धरून तो गटाराकडे कलता केला, तशी मावशीने दुसऱ्या बाजूने धरून रोखला.

"फेकू नकोस. बाहेरचा सगळा जिना धुवायचा राहिलाय."

परिचारिका तिच्याकडे बघत राहिली. मग तिने ड्रम सरळ केला, बाह्या वर सारल्या आणि विचारलं, झाडू कुठे आहे.

जिना वरपासून धुतला गेला. शिंप्याने बादल्या वर नेल्या, परिचारिकेने घासलं, मावशी प्रत्येक पायरीवर बादलीतलं पाणी मापाने ओतत राहिली, आणि घरी न गेलेली पोरं शेवटच्या पायरीवर उभी राहून पाणी आपल्यापर्यंत पोहोचतंय का ते ओरडून सांगत राहिली.